बाबलो, तुमचे बंधू आणि सलोनीचं लग्न

नांदगाव,
तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस

सौ. सुशीलावन्संना यशोदेचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे, भावोजींची साखर आणि सावंतवाडीतला तुमचा तो भांडकुदळ शेजारी, तिघंही सध्या शांत असतील अशी आशा करते. आम्ही इथे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, मनावर घेऊ नका. फोनच केला असता, पण तुमचे बंधुराज (म्हणजे आमचे हे) दिवसभर घरातच असतात, आणि माझ्या फोनमध्ये बाबल्याचे इतके व्हिडिओ भरलेत की तो हल्ली वाजायचंही विसरतो.

बाबलो म्हणजे आमचा सोनेरी केसांचा विलायती कुत्रा, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (कागदोपत्री त्याचं नाव 'गोल्डन प्रिन्स ऑफ नांदगाव' आहे. तुमच्या भावाचं कागदोपत्रीही दत्तप्रसादच.) ह्यांनी तो पुण्याहून आणला तेव्हा मला वाटलं, काजूची बाग राखेल. बाग कसली राखतो! उन्हात गेला तर केस राठ होतात, म्हणून तो पंख्याखाली आणि माकडं काजूवर. त्याला शाम्पू, मला शिकेकाई. सुरमईचा मधला तुकडा काटे काढून त्याला, डोकं आम्हाला. लाइट जाऊन केस वाळवायचं यंत्र बंद पडलं की घरात पहिली हाक उठते, "अरे, बाबल्याचे केस वले रवले!" भात कापून झालं तरी खळ्यात टाकायची सोय नाही, कारण तिथे चुन्याने रिंगण आखलंय आणि त्यात कुत्र्याला ऐटीत पळवायचा सराव चालतो. भात पडवीत पडलंय. आणि ह्या नादाची माणसंच वेगळी, वन्सं. घरी येतात ती थेट बाबल्याच्या शेपटीकडे बघत चर्चेला बसतात, आणि चहा देणारी बाई या घरची कोण, हे निघेपर्यंत त्यांच्या लक्षात येत नाही.

कोल्हापूरच्या शोचं तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. टेम्पो भरून गाव गेला होता. रिंगणात उतरायच्या आधी तुमच्या भावाने, आपल्याकडे नांगर धरताना किंवा नवी गाडी घेताना घालतात तसं, गाऱ्हाणं घातलं. पुढ्यात नारळ, हात जोडलेले, आणि परीक्षक बाई (चेन्नईच्या) समोर ताटकळत उभ्या. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू परक्या मुलखात इला आसा, तेका यश दी. जी काय कोणाची वाकडी नजर पडली आसात, ती दूर कर रे म्हाराजा!" आणि टेम्पोभर माणसं एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!" बाई दचकून मागे सरल्या. इथवर निभावलं असतं. पण 'व्हय म्हाराजा' झालं की नारळ फुटतो आणि खोबरं वाटतात, हे बाबल्याला घरच्या सवयीने पाठ. ह्यांनी नारळ फोडताच तो पट्टा हिसडून खोबऱ्यावर, आणि त्याच्या मागोमाग रांगेतली बाकीची सगळी खानदानी कुत्री. एका बड्या डॉक्टरांचा जर्मन कुत्रा करवंटी तोंडात धरून पार गाड्यांपर्यंत गेला. आयोजकांनी बाबल्याला माफ केलं (तो बिचारा जनावर), पण ह्यांना रिंगणात पाऊल टाकायला कायमची बंदी घातली.

त्यानंतर तरी माणूस सुधारेल, असं वाटलं होतं. तर खारेपाटणची मंडळी सलोनीला बघायला आली. मुलगा ओंकार, बँकेत आहे, स्वभावाने गरीब. ह्यांनी आजा-पणजापर्यंत चौकशी केली तेव्हा मुलाचे वडील खूश झाले, म्हणाले, हल्ली एवढं कूळ बघतो कोण! (त्यांना काय माहीत, ह्यांना आता तेवढंच विचारता येतं.) मग हे मुलाला म्हणाले, "हयसून थंयसर जरा चलान दाखय बघूया." तो बिचारा चालला. "पाठ सरळ आसा," हे मला मोठ्याने सांगायला लागले, "पण मागचो उजवो पाय जरा आत पडता." मागचो! वन्सं, मागचो! मी चहाचा ट्रे ठेवून मध्ये पडेपर्यंत ह्यांनी अंगठ्याने त्या मुलाचा वरचा ओठ उचलून दात बघितलेसुद्धा. मुलाची आई अर्धा चहा टाकून उठली.

त्या संध्याकाळी सलोनीने ह्यांना एवढंच विचारलं, "बाबा, तुमका बाबलो व्हयो की मी?" तुमच्या भावाने हातातली बाबल्याची फणी खाली ठेवली. एकुलती एक लेक, आणि तिच्यावर हे विचारायची पाळी यावी! ओंकारच भला, म्हणून निभावलं. त्याने फोन करून सलोनीला विचारलं, दात पसंत पडले का? मग त्यानेच घरच्यांना वळवलं आणि माघातला मुहूर्त धरला. पण त्याच्या वडिलांनी बजावलंय, की आता एकही तमाशा चालायचा नाही, ठरल्यात काडीचा बदल झाला तर लग्न मोडलं समजा. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. तुम्ही थोरल्या, ह्यांनी जन्मात ऐकलं असेल तर तुमचंच. दोन दिवस येऊन जा. भावोजींना नमस्कार सांगा.

तुमची,
यशोदा

ता. क. मुहूर्ताच्याच दिवशी बेळगावला मोठा डॉग शो आहे. नुसतं कानावर घालून ठेवते.

आणखी ता. क. तुमच्याकडच्या भटजींचा शब्द खारेपाटणची मंडळी मोडत नाहीत. ग्रह जरा नीट बघून आठवडाभर पुढचा दिवस जास्त शुभ निघतो का, तेवढं त्यांना विचारा. कुत्र्याचं नाव काढू नका. ह्यांना बंदी झाल्यापासून बाबल्याचा पट्टा रिंगणात मी धरते. दुसऱ्या कोणाबरोबर तो पळतच नाही, आणि मडगावच्या शोमध्ये आम्ही दुसरे आलो.

शेवटचं ता. क. हे शो सोडून घरी राहायला तयार आहेत. वर लेकीचं नाव घेऊन मलाच सांगतात, "गो, चेडवाचा लगीन एकदाच होता." मग बेळगावचा शो काय दर आठवड्याला असतो? तुमच्या भावाला चार शब्द सांगा.