मामा, पेपर परत करायचा होता

प्रिय मामा,

परिषद काल संपली. पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, मांडववाल्यानं खुर्च्या नेल्या, आणि आज दुपारी मी धारवाडात, सप्तापूरच्या आपल्या घरी तुमच्याच टेबलाशी बसले आहे. मामी आत पडली आहे. मला परिषदेच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर एक पान लिहून द्यायचंय. शीर्षकसुद्धा परिषदेच्या अध्यक्षबाईंनीच ठरवून दिलंय, 'निःस्पृह संशोधक'. जेवण झाल्यापासून लिहिते आहे आणि खोडते आहे. लोकांना तुमच्याबद्दल सांगण्याआधी तुमच्याशीच बोलून घ्यावं म्हटलं.

रागानं लिहिते आहे, हे आधीच सांगते. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. का धरू नये? तुम्ही गेलात, तुम्ही केलेलं काही गेलं नाही.

लॉजिक प्रोग्रॅमिंगची ही परिषद धारवाडला यावी म्हणून तुम्ही किती धोशा लावला होता! बेंगळुरूला होते, पुण्याला होते, आमच्या गावानं तुमचं काय घोडं मारलंय, हे तुमचं ठरलेलं वाक्य. शेवटी आली. आणि तुम्ही त्याच्या काही महिने आधी सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडलात ते शेजाऱ्यांच्या गाडीतून परत आलात. काल व्यासपीठावर तुमचा फोटो होता, हार घातलेला. हार घालून घ्यायला तुम्हाला कधी आवडलं नाही. या वेळी तुम्हाला कुणी विचारलं नाही.

हुबळीत दाजीबानपेठेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात बसून माझं काही होणार नाही, हे अप्पांनी ओळखलं होतं. पोरगी मामावर गेली आहे, तिला मामाकडेच ठेवू, असं म्हणून बारावीनंतर त्यांनी मला इथं आणून सोडलं. तेव्हापासून हेच घर. रोज संध्याकाळी तुमची शिकवणी, याच टेबलावर. संगणकाला एखादी गोष्ट कशी करायची ते सांगायचं नाही, फक्त काय खरं आहे ते सांगायचं, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी समजावलंत. नियम द्यायचे आणि प्रश्न विचारायचा. उत्तर त्यानं शोधायचं. आणि त्याला जे सापडत नाही त्याला तो सरळ 'नाही' म्हणून मोकळा होतो.

आणि ते शेजारच्या अक्कांचं उदाहरण! पुस्तकं सगळी परदेशातली. त्यातले नात्यांचे नियम असे, की भाऊ तो भाऊ आणि जावई तो जावई. आपल्या शेजारच्या अक्कांनी आपली मुलगी आपल्याच धाकट्या भावाला दिलेली, इकडच्या पुष्कळ घरांत देतात तशी. तुम्ही कॉलेजच्या वर्गात पुस्तकातला प्रोग्राम चालवायचात आणि विचारायचात, हा माणूस अक्कांचा जावई आहे का? प्रोग्राम म्हणायचा, नाही. मग तुम्ही शांतपणे सांगायचात, की जावईबापू आज सकाळीच सासूबाईंची भाजी घेऊन आमच्या दारावरून गेले. वर्ग हसून लोळायचा, कारण प्रत्येकाच्या ओळखीत असं एक घर होतंच.

माझा पेपर त्याच उदाहरणातून उभा राहिला. एकाच माणसाशी असलेली दोन्ही नाती नियमांत घातली, की प्रोग्राम पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर असा गोल गोल फिरत बसतो आणि उत्तरच देत नाही. त्याला वेळीच थांबवून खरं उत्तर काढून घ्यायची एक रीत मला सापडली होती. दोन वर्षं त्यात खपले.

लिहून झाला तेव्हा आधी तुमच्याकडेच आले. तुम्ही कागद हातातसुद्धा घेतले नाहीत. म्हणालात, मी परिषदेचा परीक्षक आहे, मला दाखवू नकोस. बरोबरच होतं. पेपरावर नाव नसतं, गाव नसतं, कॉलेज नसतं. कुणी लिहिलाय ते परीक्षकाला कळू नये अशी पद्धत. आणि तरीही कळलंच, आपल्याच माणसाचा आहे असं दिसलं, तर त्यानं तो न तपासता परत करायचा. हीसुद्धा मला तुम्हीच शिकवलेली गोष्ट. मी नाव काढलं, गाव काढलं, कॉलेज काढलं. अक्कांचं घर तेवढं राहिलं. ते काढलं असतं तर पेपरात उरलं काय असतं?

पेपराला नकार आला तेव्हा कायमच्या जागेची मुलाखत तोंडावर होती. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी कॉलेजात गेस्ट लेक्चरर, दर वर्षी पुन्हा घेतील की नाही या धाकात जगणारी. हा पेपर लागला तर जागा तुझी, असं प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. नाही लागला. जागा दुसऱ्याला गेली. माणूस वाईट नाही, आम्ही एकत्र डबा खातो. पण जागा गेली ती गेली.

त्या दिवशी जेवताना तुम्ही उठून मला तूप वाढलंत. ताटावरून कधी न उठलेला माणूस! मी आणि मामी एकमेकींकडे बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, पेपरचं काय एवढं, पुन्हा लिही. मला वाटलं, मामांना माझ्यापेक्षा जास्त लागलंय. मीच तुमची समजूत काढत बसले. आठवतंय का तुम्हाला?

आता कालचं ऐका.

पहिल्या रांगेत मी आणि मामी. परिषदेच्या अध्यक्ष पुण्याच्या, तुमच्या जुन्या स्नेही. त्यांनी मला पूर्वी कधी पाहिलेलं नाही, मामीशेजारी बसलेली कुणीतरी मुलगी, एवढंच त्यांना वाटलं असणार. तुमच्यावर बोलायला उभ्या राहिल्या आणि तुमच्या निःस्पृहपणाची गोष्ट सांगायला लागल्या. यंदा एक पेपर आला होता, दोन परीक्षक घेऊ या म्हणत होते, सरांनी एकट्यानं अडवला. असा कडक अभिप्राय दिला की बाकीचे दोघं गप्पच झाले. आणि निकाल लागल्यावर सरांनी त्यांना फोन केला.

"सर म्हणाले, तो पेपर माझ्या सख्ख्या भाचीचा होता. मी पहिल्याच पानावर ओळखला होता."

मग बाई थांबल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, अशी माणसं आता राहिली नाहीत. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. तुमची भाची कोण हे धारवाडात कुणाला माहीत नाही? अर्धे लोक माझ्याकडे वळून टाळ्या वाजवत होते. मग मीही वाजवल्या. काय करणार होते? तुमच्या फोटोसमोरून उठून जाऊ?

त्या एवढ्या माणसांत कुणाच्याही मनात आलं नाही हो, की ओळखला होता तर परत का नाही केला! बाईंच्याही आलं नाही. कळल्यावर तरी तो पेपर आणखी कुणाला दाखवून बघावा, असंही त्यांना वाटलं नाही. त्यांना सांगायला एक गोष्ट मिळाली, तेवढ्यावर त्यांचं भागलं. मी कोण ते कळल्यावर कार्यक्रमानंतर स्मरणिकेचं पानही त्यांनी माझ्यावरच सोपवलं.

रिक्षात मामीला विचारलं, तुला माहीत होतं का. ती म्हणाली,

"मी म्हटलं होतं त्यांना, परत पाठवा की तो. तर म्हणाले, परत पाठवला तर दुसरा कुणीतरी घेईल, आणि मग सगळे म्हणतील मामानं चिकटवली."

म्हणजे पेपर वाईट होता म्हणून तुम्ही अडवला नाहीत. तो लागेल अशी धास्ती होती म्हणून अडवलात!

मला कॉलेजात घेतलं तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी 'मामाची कृपा' म्हणालं होतं. ते तुमच्या मनाला किती लागलं होतं, मी पाहिलंय. मला नव्हतं लागलं. लोकांची तोंडं कोण धरणार? इरली बिडु, असू दे, म्हटलं, आणि कामाला लागले. तुम्ही नाही सोडलंत. तुमच्या नावाकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून तुम्ही माझ्या कामावर पाय दिलात, आणि वर पुण्याला फोन करून ते सांगितलंत. तो फोन मला सगळ्यात जास्त झोंबलाय, मामा. तो केला नसतात तर मी म्हटलं असतं, चुकले बिचारे, मनातल्या मनात कुढत राहिले असतील. पण तुम्हाला ते कुणाला तरी सांगायचं होतं. मला नाही, त्यांना. कुठल्या तोंडानं सांगितलंत?

घरी आल्यावर तुमचा, म्हणजे तिघांतला तो एकच कडक, अभिप्राय पुन्हा वाचला. तिसऱ्या सिद्धतेत एक पायरी सुटली आहे, असं तुम्ही लिहिलं होतं. त्या वेळी मला ते खुसपट वाटलं होतं. काल नीट बसून बघितलं तर खरंच सुटली होती. तुम्ही बरोबर होतात, इतके बरोबर की चीड येते. हेच तुम्ही पेपर परत करून, निकाल लागल्यावर, इथं चहा पिता पिता सांगितलं असतंत तर? वैजू, इथं बघ जरा, एवढंच म्हणायचं होतं. इतकी वर्षं तेच तर म्हणत आलात. नेमक्या त्याच वेळी इंग्रजीत, नाव न घालता, परक्यासारखं सांगितलंत. ती पायरी मी आता भरून काढली आहे. झाली व्यवस्थित.

मामी म्हणते, त्यांना तुझी माया होती. नव्हती असं मी कुठं म्हणतेय? सिद्धता अडली की माझ्या तोंडून अजून 'मामा' असंच निघतं. मग तुम्ही नाही हे आठवतं, आणि मग पुन्हा राग येतो. माया होती तरी तुम्ही असं केलंत, हेच तर माझं म्हणणं आहे. परक्यानं केलं असतं तर दोन दिवसांत विसरले असते.

आत्ता मध्येच उठून बाईंना फोन केला. स्मरणिकेचं पान माझ्याकडून होणार नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, समजू शकते, दुःख ताजं आहे. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

पेपर मी पुन्हा पाठवणार आहे, दुसऱ्या एका परिषदेला, रीतसर नाव झाकून. एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत नाही. पेपराच्या शेवटी आभाराच्या ओळी असतात. परीक्षकांना त्या दाखवायच्या नसतात, पेपर स्वीकारला गेला की मग जोडायच्या. माझ्या ओळी तेव्हाच लिहून तयार होत्या. मला विचार करायला शिकवणाऱ्या माझ्या मामांचे आभार, असं होतं. तुम्ही नकार लिहीत होतात तेव्हाही त्या होत्या.

त्या ओळी मी काढणार नाही, हे वचन देते. तुम्ही शिकवलंत हे खरं आहे, मग ते लिहायलाच हवं. पण त्यांच्याखाली आणखी एक ओळ येईल. या पेपरातली चूक दाखवणारे आणि तो ओळखूनही परत न करणारे परीक्षक हेच होते, अशी. त्यापुढे तुमचं पूर्ण नाव लिहीन, आडनावासकट. अभिप्रायाखाली तुम्ही सही केली नव्हतीत ना, मामा? ती मी तुमच्या वतीनं करीन.

तुमची भाची,
वैजू