ध्रुवावरचा वारा आणि आमची बुटकी

३ ऑक्टोबर
बुटकीला, म्हणजे आमच्या लेकीला, तिचं ऑफिस ध्रुवावर धाडतंय. वर्षभर. तिथे नव्वद किलोमीटर उंचावर जो वारा असतो, तो रडारने मोजायचा. कितीतरी वर्षं मोजतायत. हळूहळू बदलतोय म्हणे. मी म्हटलं, बदलू दे, तुझं काय अडलंय? मी घाबरलेली नाही. फक्त जाऊ देणार नाही.

५ ऑक्टोबर, दुपारी
दुकानात गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर जळाली. इस्त्रीच बिघडलीय. मनात आलं, इतकी वर्षं बदलणारा वारा नेमका हिच्याच वेळेला उलटला तर? वजन काय तिचं, उशीएवढं. आमच्या ह्यांना विचारलं. म्हणाले, दार लावून घेईल ती. ह्यांना काळीजच नाही.

९ ऑक्टोबर
तिच्या बॅगेत जाड दोरी घातली, कमरेला बांधायला. तिने काढली. मी परत घातली. म्हणाली, आई, तो वारा विमानाच्याही कितीतरी वर, त्याने खाली पानसुद्धा हलत नाही. मी म्हटलं, तिथे पानं आहेत कुठे? ती बॅगेची चेन ओढायला लागली. जिंकले. हातपाय मात्र गार पडलेत. पंख्यामुळे असेल. पंखा बंद होता.

१२ ऑक्टोबर
ठरलं. उद्या तिच्या साहेबांना गाठून तोंडावर सांगणार, पोरगी मिळणार नाही.

१३ ऑक्टोबर
साहेबांनी चहा पाजला. म्हणाले, बदल इतका सावकाश की एका वर्षात कळतही नाही, म्हणून तर दरवर्षी कुणीतरी बसावं लागतं. मधलं वर्ष गळलं की सगळं पुढचंमागचं जुळत नाही. मी तोंड उघडणार, तर म्हणाले, पाठवतोय कुठे, तिनेच हट्टाने मागून घेतलंय. दोन वर्षं द्या म्हणत होती, आम्ही एकच दिलं. जरा शांतता हवीय म्हणाली.
खरंच आहे. त्या ऑफिसात फार गोंगाट. मी साहेबांना खडसावून आले, आवाज कमी ठेवा.

२ नोव्हेंबर
गेली. दोरी पलंगाखाली सापडली.

७ नोव्हेंबर, संध्याकाळी
बुटकीचा फोन. वारा अजिबात नाही, खोली उबदार, झोप छान लागते म्हणाली. मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी मजेत. घर कसं शांत झालंय. बरंच वाटतं. रेडिओ लावलाय. टीव्हीपण. खिडक्या लावून घेतल्या, तरी पडदा हलतो का, यावर डोळा आहे. हे पेंगायला लागले. म्हटलं, झोपा हवं तर. पण जरा मोठ्याने घोरा.