साखरबाईंच्या तीन यात्रा आणि एक राहिलेलं मावंदं

प्रति,
मे. वाहतूक अधिकारीसाहेब,
प्रवासी मोटार कचेरी,
शिरूर, जिल्हा पुणे.

विषय : वाहकाने घंटी मारून पुढे नेलेल्या मातोश्री रविवारच्या आत परत मिळणेबाबत.

संदर्भ : दौंडची मोटार आमच्या गावी थांबवू नये, असा अर्जदाराचा भाद्रपदातील अर्ज. (तो आता रद्द समजावा.)

महोदय,

१. अर्जदार हा घरंदाज बागायतदार असून गावच्या सोसायटीच्या चेअरमनपदास उभा आहे. मतदान येत्या रविवारी आहे. अर्जदाराच्या मातोश्री साखरबाई वृद्ध असून रात्री खोकतात व दिवसा पाहुण्यांदेखत खरे बोलतात. दोन्हींमुळे अर्जदाराची झोप उडाली. म्हणून त्यांना देवाच्या पायाशी कायमचे नेऊन ठेवण्याचे पुण्यकर्म त्याने मनावर घेतले. या कामी कोणते वाहन बरे, हा अनुभव इतर मुलांनाही उपयोगी पडेल म्हणून येथे नमूद केला आहे.

२. प्रथम मोटारीने रांजणगाव गणपती. भाडे माफक, बसायला गादी, परंतु गाड्या फार. "इथंच बस, नारळ घेऊन येतो," असे सांगून अर्जदार मातोश्रींना मंडपात ठेवून शिरूरला निसटला. चहापाणी उरकून घरी येतो, तो मातोश्री चुलीपुढे भाकरी थापत होत्या. "नारळ गावला न्हाई व्हय रं?" एवढेच त्यांनी विचारले. वर यात्रा करून माणूस परतले की त्याचे पाय धुऊन भावकीला मावंद्याचे जेवण घालावे लागते, तेही चुकले नाही. गावाने अर्जदाराला श्रावणबाळ म्हटले.

३. नंतर केडगावाहून आगगाडीने, पुणेमार्गे जेजुरी. आगगाडी माणसाला लांब नेते, हा तिचा मोठा गुण. परंतु स्टेशनाबाहेर ओळखीचे टांगेवाले असतात, हा दोष. कोणा दयाळू यात्रेकरूंनी मातोश्रींना परतीच्या गाडीत बसवले, आणि केडगावच्या गनी टांगेवाल्याने त्यांना ओळखून फुकट घरपोच आणले. पुन्हा मावंदं. घर फिरले की वासेही फिरतात, ते असे.

४. अखेर सिद्धटेक. दौंडपुढे भीमा लागते आणि पलीकडे नाव नेते. भाद्रपदात नदी दुथडी भरली की नाव बंद. अर्जदाराने मातोश्रींना देवळात पाठवले, पायरीवर काढलेल्या त्यांच्या वहाणा आपल्या पिशवीत घातल्या आणि शेवटच्या नावेने तो अलीकडे आला. खबरदारी म्हणून संदर्भातील अर्जही केला. पूर ओसरला, दिवाळी झाली, मातोश्री आल्या नाहीत. तिन्ही वाहनांत नावेला तोड नाही, असे अर्जदाराचे प्रामाणिक मत आहे.

५. परंतु विरोधी उमेदवार बापूसाहेब यांनी भर चावडीवर विचारले, "पोपटराव, म्हातारी यात्रेहून आली न्हाई अजून? मावंदं कवा?" मतदारांत कुजबुज वाढली. नाइलाजाने अर्जदाराने माणूस धाडून मातोश्रींना बोलावले व या खेपेस सबंध गावाला जेवण सांगितले. परवा दौंडची मोटार आली तेव्हा हलगी वाजत होती. सुना ओवाळणीचे ताट घेऊन आणि अर्जदार पाय धुण्याचे घंगाळ घेऊन थांब्यावर उभे होते. मातोश्री खिडकीशी बसल्या होत्या. वाहक मेहमूद म्हणाला, "आजी, गाव आलं, उतरा." त्या हलल्या नाहीत. "माझं तिकीट शिरूरचं हाय," म्हणाल्या. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा बोलल्या, "ह्यानं मला तीनदा सोडलं. म्या एकदाच सोडते. मारा घंटी."

आणि सदर वाहकाने खरोखरच घंटी मारली.

६. पंगत न बसताच उठली. बुंदी अजून पातेल्यात आहे. शिरूरला उतरून मातोश्री कुठे गेल्या, हे मेहमूदला ठाऊक असून तो सांगत नाही. तरी त्यास सक्त समज द्यावी, आणि मातोश्रींना मिळेल त्या वाहनाने रविवारच्या आत आमच्या थांब्यावर आणून उतरवावे. मतदान आटोपल्यावर त्यांना परत नेऊन सोडण्याची तसदी साहेबांना पडणार नाही. ती व्यवस्था अर्जदार स्वतः करील.

साहेबांच्या हुकमाकडे डोळे लावून बसलेला,

आपला नम्र,
पोपटराव रखमाजी
मौजे करंजवस्ती, तालुका शिरूर
दि. १९ नोव्हेंबर १९६३

सोबत : मातोश्रींच्या वहाणांचा जोड, एक. ओळख पटण्यासाठी.