त्साय आजींचं योंगहे

१४ सप्टेंबर २०१०, मंगळवार

शेजारच्या त्साय आजी आजही सकाळी सातला कचऱ्याची पिशवी हातात धरून रस्त्याकडेला उभ्या! तैवानहून मुलाकडे येऊन चार महिने झाले, तरी हे चालूच. मुलगा केविन बाथरोबमध्ये धावत आला — "मा, जस्ट लीव्ह इट देअर!" आजी ढिम्म.

आमच्या सासूबाई खिडकीत. "बाप्पा! कचरा घेऊन कोणाची वाट पाहून राहिली ती?" नागपूरहून येऊन यांनाही चारच महिने झालेत, पण परदेशातल्या या मिल्टनमधल्या प्रत्येक घराची खबर यांच्याकडे. घरं सगळी एकसारखी, त्यामुळे सोपं जात असावं.

२१ सप्टेंबर

खुलासा झाला. आजींच्या गावात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. गल्लीतली माणसं पिशव्या घेऊन खाली उतरतात, गाडी येईपर्यंत गप्पा. इथेही त्या तेवढ्यासाठीच उभ्या राहतात — कोणीतरी येईल म्हणून. इथे कोण येणार! इथली माणसं गराजमधून गाडीत आणि गाडीतून गराजमध्ये.

आज मात्र सासूबाई, म्हणजे आमच्या आई, गेल्या. अंगावर शाल, पायात सपाता, हातात आमचा कचरा.

५ ऑक्टोबर

आजींनी पिझ्झाच्या जाहिरातीमागे त्यांच्या गावाचा नकाशा काढला. योंगहे. नदी, पूल, पलीकडे तैपेई. जपान्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांनी म्हणे तिथे बागांचं गाव आखलं होतं. बागा राहिल्या कागदावर, आली माणसं! चीनमधून आलेले सैनिक पुलाच्या तोंडाशी सोयाबीनचं गरम दूध विकायला लागले, ते तिथे अजून मिळतं. गल्ल्या अशा वाकड्या की "पोस्टमन ऑल्सो लॉस्ट!" आजींचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

माझा नवरा शैलेंद्र म्हणाला, "म्हणजे झोपडपट्टीच की." दुधाची पिशवी आणायला दहा मिनिटं गाडी चालवणारा माणूस बोलतोय हे.

१९ ऑक्टोबर

केविन आला होता. मुखत्यारपत्रावर साक्षीदार हवा. "मॉम्स अपार्टमेंट. सेल करतोय. जस्ट पेपरवर्क" असं काहीतरी. आजींची सही आधीच होती. कणकेचे हात पुसले आणि केली सही. शेजारधर्म!

९ नोव्हेंबर

आजी आज फुलल्या होत्या. योंगहे आतापर्यंत स्वतंत्र शहर. पंचवीस डिसेंबरला नव्या महानगराचा नुसता एक विभाग होणार. "आय गो होम. समबडी मस्ट कम्प्लेन!"

म्हणजे घर विकायचं केविनने त्यांना सांगितलेलंच नाही.

मी चहा ओतत राहिले. कपाबाहेर.

१० नोव्हेंबर

आईंना सांगितलं.

"तिनं सही केली तेव्हा तू होती तिथं?"

"नाही."

"मग कशाची साक्षीदार गं तू?"

पुण्याच्या माणसाला नागपूरने असं गप्प करावं!

शैलेंद्र वेगळाच. "चित्रा, लोकांच्या घरच्या भानगडीत पडू नकोस. बर्फ हटवायला केविनचा स्नोब्लोअर वापरतो आपण." वा! काय तत्त्वज्ञान.

१२ नोव्हेंबर

आजींना सगळं सांगितलं. मान वर करवत नव्हती. केविनने बँकेचा कागद म्हणून सही घेतली होती. आजींनी उठून कोट घातला.

आईंनाही घेतलं आणि आम्ही तिघी केविनच्या वकिलाकडे गेलो. मी लिहून दिलं — सही माझ्यासमोर झालेली नाही. वकील चष्म्यावरून बघत राहिला, आजी त्याच्याकडे. नजर आधी त्याने वळवली. कागद रद्द. विक्री थांबली.

परत आल्यावर केविन ड्राइव्हवेवरच ओरडला, "यू हॅड नो राइट!" खरंय. पण सही करायचा हक्क तरी मला कुठे होता?

३० नोव्हेंबर

आजी गेल्या. विमानतळावर सोडायला केविन नाही, मी. आई मागच्या सीटवर आजींचा हात धरून. भाषा एकीची दुसरीला येत नाही, आणि पाऊण तास बोलणं थांबलं नाही!

२६ डिसेंबर

आजींचा फोन. विभागाची नवी पाटी लागली. "व्हेरी अग्ली!" भलत्याच खूश होत्या.

जेवताना आई म्हणाल्या, "मीही मार्चमध्ये जातो रे घरी. गुरुदत्तमामाला सांग, धंतोलीचं घर झाडून ठेव म्हणा."

शैलेंद्र ताटातच बघत होता.

"आई, ते घर ऑगस्टमध्येच विकलं. नागपूरहून निघताना तू कागदांवर सह्या केल्या होत्यास ना."