फाइन

१६ मार्च

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. आता घरात कुरकुरायला फक्त माझे गुडघे उरलेत.

आमच्या शब्दकोशाचं काम ‘एफ’पर्यंत आलंय. सोमवारी म्हाताऱ्या संपादकांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. म्हणाले, “हा तुम्ही घ्या. सोपा आहे.” शब्द होता ‘फाइन’.

सोपा कसला! छान ते फाइन, बारीक तेही फाइन. तब्येत बरी असली की फाइन आणि नियम मोडला की भरायचा दंड, तोही फाइनच. अर्थ भराभर लिहिले, मग मूळ शोधलं. लॅटिनमध्ये निघालं ‘फीनिस’, म्हणजे शेवट, सीमा. ज्याच्यापुढे काही उरलं नाही इतकं उत्तम, ते फाइन. तंटा मिटवून त्याचा शेवट करायला द्यायची रक्कम, तीही फाइन. ‘शेवट’ लिहिलं आणि पेन पुढे सरकेना.

“काय हो, कुठे अडलात?” संपादकांनी विचारलं.

“बाबांच्या आजारपणात हा शब्द फार वापरला मी.”

“सगळेच वापरतात,” असं म्हणून ते चष्मा पुसत गेले.

तू दर रविवारी फोनवर विचारायचीस, “बाबा कसे आहेत गं?” मी म्हणायचे, “फाइन.” खरं तर त्यांचं हृदय थकलंय, फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी सप्टेंबरातच सांगितलं होतं. तुझी परीक्षा होईपर्यंत तुला कळवायचं नाही, ही बाबांचीच ताकीद. ते गेल्यावर तू आलीस तेव्हा मी हेच सांगितलं, आणि तू ते मानलंस. वर माझा हात धरून म्हणालीस, “ताई, एकटीने निभावलंस सगळं.” मला तिथून पळून जावंसं वाटलं.

कारण तुझी परीक्षा दहा डिसेंबरला संपली होती. बाबा गेले तीन जानेवारीला. मधल्या चोवीस दिवसांबद्दल तू मला काही विचारलंच नाहीस.

अकरा तारखेला सकाळीच बाबा म्हणाले, “सुटली ना पोर? आता बोलाव तिला.” मी हो म्हटलं, आणि फोन केला नाही. त्यांना फोनवर ऐकू येत नव्हतं, ते माझ्या पथ्यावरच पडलं. तीन दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी बेधडक सांगितलं, “कळवलंय बाबा. तिला इतक्यात जमत नाही म्हणे.”

का सांगितलं? सहा वर्षं त्यांची औषधं, पथ्यपाणी, आंघोळ सगळं मी केलं. पण चेहरा उजळायचा तो तुझं नाव निघालं की. शेवटचे दिवस तरी माझ्या एकटीच्या वाट्याला यावेत, असं वाटलं. हेवा गं, दुसरं काय! पन्नाशीतल्या बाईने धाकट्या बहिणीचा केलेला हेवा.

ते तुझ्यावर चिडले नाहीत. “असू दे, कामात असेल,” एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर त्यांनी तुझ्याबद्दल विचारणं सोडलं. मला वाटलं, जिंकले.

चिंगे, सगळं कळूनही तू आली नाहीस, असं समजून बाबा गेले. तुझ्या माथी हे मी मारलं. तुला ठाऊकही नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी पलंगाजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. तिच्यावर धुतलेल्या चादरी होत्या. “त्या उचल,” म्हणाले. “ती आलीच तर बसेल कुठे?”

मी चादरी उचलल्या. आणि त्या खुर्चीवर मीच बसले.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तुला खरं कळावं, म्हणून लिहिलं.

तू म्हणशील तोवरच तुझी,
ताई