जाड तारा

४ तारीख, सोमवार

आज घरात आलं: तंबोऱ्याच्या तारा, एक संच, चौदा रुपये (ह्या वेळी जाड आणल्या, म्हणून तीन जास्त). चहाची पूड, अडीच. पाहुणीसाठी चादर, नऊ. स्वतः पाहुणी, एक. तिची किंमत अजून कळायची आहे.

पाहुणी म्हणजे डोंगराकडची गाणारी बाई. ह्यांना रेडिओसाठी तिकडचं गाणं आणि आपलं रागाचं गाणं एकात गुंफायचं आहे. महिनाअखेर कार्यक्रम. तोवर ती इथेच. एक गाठोडं घेऊन आली आणि दारातूनच "वहिनी, पाणी द्या" म्हणाली, जशी काही वर्षानुवर्षांची ओळख. देवापुढे दिवा लावताना म्हटलं, मला चांगली बुद्धी दे. अजून दिलेली नाही.

५ तारीख, मंगळवार

आवाज काय तो! फळीवरची भांडी हलतात. पुढच्या खोलीत दार लोटून दोघं बसतात. ती गाते, हे लिहून घेतात. एकच ओळ ती दर वेळी वेगळीच म्हणते आणि हे हसतात. "बाई, मघाचं कुठे गेलं?" "गेलं असेल पुढे. येईल मागून." पुन्हा हसणं. माझा एक स्वर इकडचा तिकडे झाला की मात्र कपाळाला आठ्या.

लग्न झाल्यापासून ह्यांची प्रत्येक चाल पहिल्यांदा मीच गायले आहे. स्वयंपाकघरात यायचे आणि म्हणायचे, "थांब, आधी तुझ्या गळ्यात घालून बघतो." दुसरं काही ह्यांनी माझ्या गळ्यात घातलं नाही, मीही मागितलं नाही. ह्या गाण्यासाठी अजून आत आलेले नाहीत.

७ तारीख, गुरुवार

वन्सं येऊन गेल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "वहिनी, घरात गाणं आलंय की गाणारी?" मी म्हटलं, "दोन्ही. आणि वर तुम्ही." हसत गेल्या. बोलणं तेवढं मागे ठेवून गेल्या.

बाई भाजी चिरायला आली. राहू दे म्हटलं. तरी शेजारी बसून राहिली. "तुम्ही गाता ना वहिनी? सांगत होते." सांगत होते म्हणे. आणखी काय काय सांगतात कोण जाणे.

९ तारीख, शनिवार

तंबोरा उतरवला. माझा तंबोरा!

सकाळी भजनाला बसले. तार छेडली, आणि अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी तसं झालं. नव्या तारा, सूर पार खाली. माझ्या पट्टीची खडूची खूण खुंट्यांवर होती, तीही पुसलेली. ह्यांना विचारलं. वर न बघता म्हणाले, "असू दे तसाच. हात लावू नकोस."

म्हणजे माझ्या घरखर्चातल्या तारा आता तिच्या गळ्याला. भजन तंबोऱ्याशिवाय म्हटलं. देवाला पट्टी लागत नाही. मला लागते.

१० तारीख, रविवार

दिवसभर कोणाशी बोलले नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

१२ तारीख, मंगळवार

हे रेडिओवर गेले होते. मी बाईला म्हटलं, "तुमचं काम झालं म्हणत होते. घरी लेकरं वाट बघत असतील. दुपारची गाडी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. चादरीची घडी घातली. भाड्याचे पैसे पुढे केले, ते घेतले नाहीत. दारात म्हणाली, "वहिनी, तुमचा भाग ऐकायचा राहिला बघा."

माझा भाग! ह्या घरात माझा भाग उरलाय कुठे? जाता जाता टोमणा मारून गेली.

आता शांत वाटेल असं वाटलं होतं.

१३ तारीख, बुधवार

ह्यांना सांगितलं, तिला घरची आठवण आली. "न सांगता गेली?" एवढंच म्हणाले. मग तिचं गाणं स्वतःच म्हणून बघत बसले. जमेना. नीट जेवलेही नाहीत. भात उरला.

१४ तारीख, गुरुवार

हे बाहेर पडल्यावर तंबोरा घेतला. खुंट्या पिळून पुन्हा माझ्या पट्टीला चढवणार होते. पण जाड तार, ताणून तुटली तर चौदा गेले. म्हणून आहे त्याच सुरात भजन धरलं.

वरचा स्वर आला. गेली दोन वर्षं ज्या जागी आवाज अडतो आणि मी खोकून वेळ मारून नेते, ती जागा आज सरळ गेली. पुन्हा म्हटलं. पुन्हा गेली. मग बाईची ओळ त्याच तंबोऱ्यावर धरून पाहिली. कुठे ती, कुठे हा सूर! तिचा गळा कितीतरी वर. इतके दिवस दाराआडून मी शब्द ऐकले, हसणं ऐकलं. पट्टी ऐकलीच नाही. आणि म्हणे मला कान आहे.

हे आल्यावर विचारलं, "तारा कोणासाठी आणल्यात?"

"तू खोकतेस," म्हणाले.

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू गाणंच सोडलं असतंस. बाई म्हणाली, आधी तारा लावा, गळा येईल मागून. खालून तू आलाप धरायचा, वरून तिने गाणं म्हणायचं. तू ह्या पट्टीला सरावलीस की आत येणार होतो."

मग मीही सांगितलं. गाडीचं, काम झाल्याचं, सगळं. हे बराच वेळ तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हतीच. शेवटी म्हणाले, "पत्र तू लिही."

१६ तारीख, शनिवार

पत्र टाकलं. तिला वाचता येत नाही, तिथले मास्तर वाचून दाखवतील, म्हणून थोडक्यात लिहिलं. इथे उतरवून ठेवते.

"बाईंना नमस्कार. काम झालं हे माझं बोलणं होतं, ह्यांचं नव्हतं. काम झालेलं नाही. माझा भाग रोज म्हणते आहे, पण वर तुम्ही नसलात की तो भिंतीशी बोलल्यासारखा होतो. चादर धुऊन ठेवली आहे. कधी येता ते उलट टपाली कळवा."