एकतीस जानेवारी अधिक एक महिना

१२ फेब्रुवारी

आईनं विचारलं, दादाचं इंजेक्शन कधी? बुलढाण्याच्या ज्या दवाखान्यात संघपालदादाला दर महिन्याला इंजेक्शन देतात, त्यांचं सॉफ्टवेअर आमचीच पुण्याची कंपनी सांभाळते. मी मोताळ्यात घरी बसून तेच काम करतो. उघडून पाहिलं — ३ मार्च. मागचं ३१ जानेवारीला झालं. मग फेब्रुवारी गेला कुठे?

सापडलं. प्रोग्राम एकतीस जानेवारीत एक महिना मिळवतो. एकतीस फेब्रुवारी नसतेच, म्हणून उरलेले दिवस गुपचूप मार्चमध्ये ढकलतो. चूक दाखवतही नाही. महिनाअखेरीचे सगळे पेशंट असेच सरकलेत.

इंजेक्शन चुकलं की दादाला आवाज ऐकू येतात.

१३ फेब्रुवारी

कंपनीतल्या सरांना फोन केला. "सध्या काहीच बदलायचं नाही, ऑडिट चालू आहे. तीन दिवसांनी काय होतंय?" म्हटलं, त्यात माझा भाऊ आहे. "मग त्याला अठ्ठावीसला घेऊन जा ना."

खरंच की.

२८ फेब्रुवारी

गेलो. सिस्टर म्हणाल्या, "या महिन्याच्या यादीत नाव नाही. महागाचं औषध आहे, यादीप्रमाणंच येतं. तीन तारखेला या."

"तीनला धुळवड. तुम्ही बंद असता."

"मग दहाला. डॉक्टर तेव्हाच येतील."

म्हटलं, मॅडम, हा प्रोग्राम मीच लिहितो, तारीख चुकीची आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. दोघांत पेशंट कोण, असं.

मेडिकलवाले म्हणाले, मागवावं लागेल, दहाच्या आधी काही येत नाही. परतताना बसमध्ये दादाच मला समजावत होता. "जाऊ दे बे धम्मा. तुह्या हातात काय हाय?"

३ मार्च

बाहेर रंग. दादा खोलीतच.

६ मार्च

दादानं टीव्हीवर टॉवेल टाकला. म्हणे, तिकडून बघतात.

आई म्हणाली, "त्याले झोप काऊन नाई लागून राह्यली? तू तं कम्प्युटरवाला. सांग ना त्या दवाखानेवाल्याहिले."

दुपारी सरांचा मेसेज — ऑडिट संपलं, दुरुस्ती करून टाक. केली. पुढच्या महिन्यात ती तारीख नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. दोन ओळींचं काम. चालवून पाहिलं: २८ फेब्रुवारी. अगदी बरोबर.

दवाखान्यात फोन केला. औषध दहालाच.

७ मार्च

दादा म्हणाला, कडी लाव, ते आले. लावली. दुसरं काय करणार?

८ मार्च

सकाळी दादाची खाट रिकामी. स्टँड, बाजार, विहिरी — सगळं पाहिलं. आई दारातच बसून.

अकराच्या सुमारास त्याचाच फोन. "मी बुलढाण्यात हाव. दुसऱ्या दवाखान्यात आलो. आवाज म्हणत होते उतर, उतर. मी बस सोडली नाई. मीच सांगतलं डॉक्टरले, मले भरती करून घ्या. आईले सांग, रडू नको. अन् तू जेवला का बे?"